रुळांकडचं दार

सर, आपल्या आयटीआयची स्मरणिका निघते आहे. बॅचच्या ग्रुपवर ठरलं की प्रत्येकानं तुमच्यावर एकेक पान लिहायचं, आणि बॅचमधली एकुलती एक मुलगी म्हणून माझं पान सगळ्यांत आधी मागितलं गेलं. मी लिहून दिलं. त्यात तुमची शिस्त आहे, तुमचं मोत्यासारखं लेटरिंग आहे, तुमच्यामुळे आम्ही सगळे पोटाला लागलो हेही आहे, आणि ते सगळं खरं आहे. पण पान पाठवल्यावर दोन दिवस मला चैन पडेना, कारण त्या पानात मी तुमची आज्ञाधारक विद्यार्थिनी दिसते. तशी मी नाही. तुम्हाला जाऊन वीसाहून जास्त वर्षं झाली. तुम्ही हे वाचणार नाही, आणि खरं सांगायचं तर त्याच धीरावर मी लिहायला बसले आहे.

डाकबंगल्याची शीट तुम्हाला आठवली असती का, कोण जाणे. मला ती रोज आठवते असं नाही, पण विसरलेही नाही. ड्राफ्ट्समन सिव्हिलचं दुसरं वर्ष. एकोणीस मुलगे आणि मी टेप, दोरी आणि पाट्या घेऊन एसटी स्टँडमागच्या जुन्या डाकबंगल्यावर जातो. पुढची बाजू मोजून होते, आतल्या खोल्या होतात. मागच्या व्हरांड्याला आग्यामोहोळ लागलेलं, चौकीदार कुणाला मागे फिरकू देत नाही. मुलांनी मागची बाजू सोडून दिली. मी सोडली नाही. पुढे दोन खिडक्या, मधे दार, छपराचा उतार दोन्हीकडे सारखा, मग मागे दुसरं काय असणार? मी ती बाजू काढली, शाई भरली, विटांचा थर दाखवला. तुम्ही माझ्या बोर्डापाशी थांबलात आणि विचारलंत, ही मागची खिडकी कोणी मोजली? मी म्हटलं, कोणी नाही सर, पण पुढे आहे तशीच असणार. तुम्ही पिना काढल्यात, शीट हातात घेतलीत आणि मधोमध फाडलीत. "असणार हा शब्द ड्रॉइंगमध्ये नसतो," म्हणालात. आवाज चढवला नव्हतात. एकोणीस मुलगे बघत होते. मग मला पुन्हा सगळी शीट काढायला लावलीत आणि मागच्या बाजूच्या जागी कोरा चौकोन ठेवून त्यात 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहायला लावलंत.

त्याच आठवड्यात तुम्ही मला घरी जेवायला बोलावलंत, हेही मला सांगितलं पाहिजे. तुमच्या स्वयंपाकघरात काकू भाकऱ्या थापत होत्या, मी भिंतीला टेकून पाटावर बसले होते, आणि तुम्ही ताटावरून मान वर न करता म्हणालात की ड्राफ्ट्समननं डोकं चालवलं की इमारत पडते. डोकं इंजिनियरचं, हात तुझा. काकूंनी माझ्या ताटात दुसरी भाकरी टाकली आणि तुमच्याकडे बघून नुसत्याच हसल्या. माझ्या वडिलांना ट्रेडला पाठवायला तयार करणारे तुम्हीच होतात. आयटीआय सोडून निघताना तुमचं स्वतःचं त्रिकोणी स्केल मला देऊन टाकणारेही तुम्हीच. म्हणून तर इतकी वर्षं तुमच्याविरुद्ध बोलायला जीभ रेटली नाही. डाकबंगला पुढे पाडला गेला. मागे खिडकी होती की नव्हती हे आता कुणीच सांगू शकणार नाही, तुम्हीसुद्धा नाही. तो हिशेब मी सोडला. मला दुसऱ्या एका मागच्या बाजूबद्दल सांगायचं आहे.

लग्नानंतर काही वर्षांनी आम्ही दुबईला आलो. नवरा एका कॉन्ट्रॅक्टरकडे क्वांटिटी सर्व्हेअर, आणि मला शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका मॉडेल बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं. टॉवर बांधायच्या आधी विकायला लागतात, आणि विकायला मॉडेल लागतं. ॲक्रिलिकचे टॉवर, आत बारीक दिवे, खाली तांदळाच्या दाण्याएवढी माणसं. मी ड्रॉइंग वाचून कटिंगच्या फायली करायची. चाळीस जण होतो आम्ही, आणि तरी काम पुरं व्हायचं नाही. मालक आयरिश होते. साठी ओलांडलेले, बारीक, हळू बोलणारे. पहिले सहा महिने त्यांची इंग्लिश मला कळायची नाही. तेहतीसला ते 'टर्टी ट्री' म्हणायचे आणि मी झाड शोधत बसायची. आम्ही सगळे त्यांना साहेब म्हणायचो. मापाच्या बाबतीत ते तुमचेच भाऊ शोभले असते.

२००८च्या शेवटी फोन यायचे थांबले. आधी एक प्रोजेक्ट 'होल्ड'वर गेलं, मग आठवड्यात पाच गेली. समुद्रात भर घालून करायच्या एका बेटाचं बारा फुटी मॉडेल तयार होऊन पडलं होतं, निळ्या ॲक्रिलिकचा समुद्र, त्यात पांढरे बंगले. ते न्यायला कुणी आलंच नाही. ज्या कंपनीनं ते मागवलं होतं तिच्या ऑफिसचा फोन नुसता वाजत राहायचा. चाळिसाचे पंचवीस झाले, पंचवीसचे नऊ, आणि पुढच्या मार्चपर्यंत आम्ही तिघे उरलो: साहेब, मी आणि रायगडकडचे एक सुतार, ज्यांना मी चाचा म्हणायची. चाचा आमच्याच किनाऱ्याकडचे मुसलमान, बोलणं कोकणी वळणाचं, मला 'बाय' म्हणायचे. त्याच मार्चमध्ये नवऱ्याची नोकरी गेली. त्याचा व्हिसा कॅन्सल झाला, महिन्याभरात निघायचं. मुलगी बारा वर्षांची, जूनमध्ये पुण्यात शाळा सुरू होणार. माझा व्हिसा वर्कशॉपचा होता आणि तो अजून चालू होता. आम्ही तिघांनी जेवणाच्या टेबलाशी बसून ठरवलं की ती दोघं पुढे जातील आणि मी 'काही महिने' थांबेन. कशासाठी थांबेन हे तेव्हा कुणी विचारलं नाही. आपल्या लोकांनी मात्र विचारलं. मंडळाच्या गणपतीत एका बाईनं मला प्रसाद देता देता विचारलं की नवरा तिकडे, पोरगी तिकडे, आणि तू इथे काय करतेस? मी म्हटलं, आगगाडी करते आहे. तिला वाटलं मी थट्टा करते.

थट्टा नव्हती. एका सकाळी साहेबांनी आम्हाला दोघांना बोलावलं आणि सांगितलं की काम नाही, पण हात बसून राहिले तर जातात. त्यांच्या गावाला, आयर्लंडच्या पश्चिमेला, एक लहानशी रेल्वेची शाखा होती. अठरा मैल, चार स्टेशनं, दिवसाला दोन गाड्या, एक डबा आणि मागे गुरांचे वॅगन. साहेब तरुण असताना ती बंद झाली, रूळ उपटून विकले गेले. गावच्या हॉलमध्ये ठेवायला त्या लाइनीचं मॉडेल करून देईन असं त्यांनी कधीकाळी कबूल केलं होतं. वर्कशॉपच्या लायसन्सची मुदत संपायला वर्ष होतं. तेवढ्यात करू, म्हणाले.

बेटाचं मॉडेल आम्ही उलटं केलं. समुद्र खाली गेला आणि पाठीच्या प्लायला आणखी पाट्या जोडून आम्ही त्यावर डोंगर चढवायला लागलो. स्टेशनांमधली मैलोनमैल शेतं गाळली, पण जे दाखवलं त्याच्या मापाचा आग्रह असा की चार मिलिमीटरला एक फूट, आणि रूळ बाजारात तयार मिळतात ते चालणार नाहीत, कारण त्यांची रुंदी चुकते. तिकडच्या रुळांमधलं अंतर पाच फूट तीन इंच, आपल्या ब्रॉडगेजहून तीन इंच कमी. म्हणजे मॉडेलमध्ये एकवीस मिलिमीटर, साडेवीस नाही आणि बावीसही नाही. चाचांनी पातळ प्लायचे हजारो स्लीपर कापले. मी ते एकेक करून चिकटवले, तुमचंच स्केल लावून. गवतासाठी आमच्याकडे गोल्फ कोर्सच्या हिरव्या चुऱ्याची पोती पडून होती, पण साहेब म्हणाले हा हिरवा तिकडे कुठेच नसतो. मग आम्ही चहाचा चोथा वाळवून त्यात मिसळला, आणि कुंपणाच्या झुडपांसाठी चाचांनी गावाहून आलेल्या कुणाकडून तरी काथ्या मागवला. वर्कशॉपचा एसी परवडत नव्हता. उन्हाळाभर पहाटे पाचला शटर अर्धं वर करायचं आणि अकराला थांबायचं. आमच्या घामाचे थेंब त्या ओल्या, थंड देशावर पडायचे आणि रंगाला डाग पडायचे.

नवरा फोनवर विचारायचा, काय चाललंय? मी सांगायची. एकदा म्हणाला, "टॉवरचं काम होतं तोवर ठीक होतं. हे काय करतेस तू? कुणाच्या गावाची गाडी?" त्याचं चुकत नव्हतं. मीही स्वतःला तेच विचारलं होतं, आणि जे उत्तर सापडलं ते त्याला सांगण्यासारखं नव्हतं. सहा वर्षं मी अशा घरांची मॉडेलं केली ज्यात कुणी राहिलेलं नव्हतं आणि आता राहणारही नव्हतं. पहिल्यांदाच माझ्या हातात अशी जागा होती जिथे माणसं खरोखर राहून गेली होती. मुलगी फोनवर यायची आणि इंग्लिशमध्येच बोलायची, "सो इज इट लाइक अ टॉय, आई?" मी म्हणायची, हो, टॉयसारखंच.

स्टेशनांची ड्रॉइंगं होती. पुलाची होती, इंजिन शेडची होती, साहेबांनी कुठल्याशा संग्रहातून प्रती मागवल्या होत्या. नव्हतं ते फक्त एका घराचं. दुसऱ्या आणि तिसऱ्या स्टेशनच्या मधे रस्ता रुळांना छेदतो, तिथे फाटक, आणि फाटकाशी रेल्वेनं दिलेलं दोन खोल्यांचं घर. साहेबांचे वडील लाइनीवर गँगमन, आणि फाटक उघडायचं-लावायचं काम त्यांच्या आईकडे. त्या घरात साहेब जन्मले. लाइनीच्या नकाशावर त्या घराच्या जागी नखाएवढा एक चौकोन होता, बस. एक फोटो होता: आई अंगणात कोंबड्यांना दाणे टाकते आहे, मागे घराची शेताकडची बाजू, दार, दोन खिडक्या. रुळांकडची बाजू कशातच नव्हती. साहेब म्हणाले, तिकडे कोरी भिंत होती, चुना लावलेली, मी त्या भिंतीवर बॉल मारत मोठा झालो. मी कोरी भिंत करायला घेतली.

पण सर, मी त्यांना बोलतं करत राहिले. जेवायच्या सुट्टीत, रंग वाळेपर्यंत. आई कुठे उभी राहायची, पाऊस असला तर कुठे, कंदील कुठे अडकवायची, चूल कुठल्या भिंतीला होती. त्यांना सांगायला आवडायचं. एकदा हसत हसत त्यांनी सांगितलं की अगदी म्हातारी झाल्यावर, वृद्धाश्रमात, किटली शिटी मारायला लागली की आई म्हणायची, चार पावलं, की मी फाटकाशी. सगळ्या नर्सना ऐकवायची. म्हातारपणी बढाया मारायची, म्हणाले. मी घरी आले आणि नकाशा काढला. शेताकडच्या दारातून निघून, अंगणातून घराला वळसा घालून फाटकाशी जायला कितीही लांब ढांगा टाकल्या तरी चौदा पावलं होत होती. चार पावलांत जायचं तर एकच वाट होती. रुळांकडे दार हवं.

दुसऱ्या दिवशी मी ते दार केलं. फाटकाकडच्या कोपऱ्याजवळ, वर दगडाची पट्टी, खाली एक पायरी. मोजायला काही नव्हतं. फोटो नव्हता. तुमचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला आणि मी करवत थांबवली नाही.

साहेबांनी ते पाहिलं तेव्हा चाचा तिथेच होते. साहेबांनी विचारलं, "हे काय?"

"दार," मी म्हटलं.

"या बाजूला दार नव्हतं."

"असणार," मी म्हटलं. इंग्लिशमध्ये म्हटलं, पण मनात शब्द तोच होता. चार पावलांचं गणित मी त्यांना नकाशावर दाखवलं. त्यांनी बघितलंसुद्धा नाही. त्यांचा चेहरा लाल झाला, पण आवाज तुमच्यासारखाच खाली राहिला. म्हणाले, "ते माझ्या आईचं घर आहे. मी त्यात जन्मलो. काढ ते."

मी म्हटलं, "मी नाही काढणार. तुम्हाला काढायचं असेल तर तुम्ही काढा."

माझा व्हिसा त्यांच्या सहीवर होता. मला काढून टाकलं असतं तर महिन्याभरात मी पुण्यात असते, आणि कदाचित घरी सगळ्यांना तेच हवं होतं. साहेब गेल्यावर चाचा म्हणाले, बाय, एवढंसं दार आहे, दारापायी व्हिसा घालवशील काय. चाचांचा कामगारांचा कॅम्प बंद झाला होता, ते दुबईच्या मुहैस्नाह वस्तीत गावच्या आठ जणांत एका खोलीत राहत होते, आणि वर्कशॉप गेलं तर त्यांना रिकाम्या हातांनी गावी जावं लागेल हे मला माहीत होतं. मी त्यांना म्हटलं, चाचा, कुणी तुम्हाला चुकीचा सांधा ठेवायला सांगितलं असतं तर तुम्ही ठेवला असता का? ते उठून स्लीपर कापायला लागले.

तीन दिवस साहेब माझ्याशी बोलले नाहीत. पाचला यायचे, सिग्नलचे खांब करत बसायचे, अकराला जायचे. दाराला त्यांनी हात लावला नाही. चौथ्या दिवशी ते आले आणि रंगाच्या एका रिकाम्या डब्यावर बसले. आयर्लंडला त्यांची थोरली बहीण होती, त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आदल्या संध्याकाळी तिला फोन केला होता. माझी चूक सिद्ध करायलाच केला होता, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. बहीण म्हणाली, दार होतं. तू दोन वर्षांचा असताना बुजवलं.

जे बहिणीनं सांगितलं ते साहेबांनी आम्हाला तुटक तुटक सांगितलं, समोरच्या रुळांकडे बघत. एका सकाळी आईनं पहिल्या गाडीसाठी फाटक लावलं. गाडी फाटकाशी नेहमीच हळू व्हायची, ड्रायव्हर ओळखीचा. आई घरात आली, कोट घातला, रुळांकडच्या दारातून बाहेर पडली आणि गाडीत चढली. अकरा वर्षांची बहीण दारात उभी राहून बघत होती. गाडी गेल्यावर तिनंच जाऊन रस्त्यासाठी फाटक उघडलं. आई पाच महिने आली नाही. समुद्रकाठच्या कुठल्याशा हॉटेलात कपडे धुवायचं काम करत होती असं नंतर कळलं. वडिलांनी त्याच आठवड्यात दगड आणून ते दार बुजवलं आणि वर चुना मारला. मग एक दिवस आई रस्त्यानं चालत परत आली. का गेली होती आणि का आली, हे तिला कुणी विचारलं नाही. पुढे वीसेक वर्षं ती फाटकाचं काम करत राहिली, प्रत्येक गाडीला अंगणातून वळसा घालून. साहेबांना लहानपणी सांगितलं गेलं होतं की तू लहान असताना आई हॉस्पिटलात होती. सत्तरीला आलेला माणूस ते खरं धरून बसला होता.

चाचांनी त्यांना पाणी दिलं. मी काय केलं असेल? काहीच नाही. मला वाईट वाटलं, आणि त्याच क्षणी, सर, मला आनंदही झाला, इतका की मी तोंड फिरवलं. माझं 'असणार' बरोबर निघालं होतं. एका माणसाची आई त्याच्या हातातून निसटत होती आणि मी मनात म्हणत होते, बघा सर.

तुमच्या बाजूनंही मी विचार केला आहे. कोरा चौकोन ठेवला असता, 'माहिती उपलब्ध नाही' लिहिलं असतं, तर त्या म्हाताऱ्या माणसाला ते ऐकावं लागलं नसतं. तुमच्या नियमात अशी काही माया होती का, हे मी बरेचदा स्वतःला विचारलं. मला नाही वाटत. तुम्हाला इमारत पडायची भीती होती, आणि ती योग्य होती, इमारतींसाठी. पण त्या भिंतीच्या चुन्याखाली एक बाई पडून होती आणि ती टेप लावून सापडली नसती. ती तिच्या मुलानं बढाई समजलेल्या चार पावलांत होती. तुम्ही मला फक्त हात म्हणालात. मी त्या दिवशी डोकं चालवलं आणि काही पडलं नाही. पडलं असेल तर जे पडायलाच हवं होतं ते.

बऱ्याच वेळानं साहेब उठले, मॉडेलपाशी गेले, वाकून त्या बाजूला बघत राहिले. म्हणाले, "दार राहू दे. आणि उघडं कर."

मी ते कापून पुन्हा बसवलं, बाहेरच्या बाजूला उघडलेलं. पायरीवर किंवा दारात माणूस ठेवला नाही; ते आमच्या तिघांपैकी कुणी सुचवलंही नाही. त्याच आठवड्यात नवऱ्याचा फोन आला. पुण्यात एका ड्रॉइंग ऑफिसात जागा आहे, गणपतीपर्यंत ये, असं तो म्हणाला. मी म्हटलं, मॉडेल पुरं झाल्यावर बघू. ते झाल्यावरही मी गेले नाही. हे मी कुणाला आजवर सांगितलेलं नाही, पण फोन ठेवल्यावर मी त्या उघड्या दाराकडे बघत राहिले होते, आणि मला त्या बाईची लाज वाटली नाही. माझीही वाटली नाही.

लायसन्स संपायच्या पंधरा दिवस आधी लाइन पुरी झाली. चाचांनी प्लायचे सहा खोके केले, असे की आत बोट घालायला जागा नाही. जबल अलीच्या बंदरात कंटेनरमध्ये खोके चढले तेव्हा आम्ही तिघे उन्हात उभे होतो. साहेबांनी चाचांना मिठी मारली आणि माझ्याशी हात मिळवला. म्हणाले, "भिंत होती तेव्हा मला झोप बरी लागायची. पण म्हणून तू सॉरी म्हणू नकोस." मी म्हटलं नाही. त्यानंतर पाच वर्षांनी ते गेले. बहीण त्यांच्या आधी गेली होती. चाचा रायगडला परतले, आता नातवंडांत आहेत, आमचा फोन होतो.

मला अबुधाबीत नोकरी मिळाली, हॉस्पिटलं डिझाइन करणाऱ्या एका फर्ममध्ये. मुलाखतीला मी टॉवरचे फोटो नेलेच नाहीत, त्या लाइनीचे नेले. समोरच्या माणसानं फाटकाच्या घरावर बोट ठेवून विचारलं, ह्याचं ड्रॉइंग कुठून मिळालं? मी म्हटलं, नव्हतं, विचारून विचारून काढलं. त्यानं मला दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं. मी तिथे सात वर्षं राहिले. नर्स रात्रीतून किती वेळा कुठून कुठे चालतात हे विचारत मी वॉर्डांचे नकाशे केले, आणि त्यांतली तीन हॉस्पिटलं आज उभी आहेत, कुठलंही पडलेलं नाही.

ह्याची किंमत होती. मुलीची दहावी मी फोनवर पाहिली. निकालाच्या दिवशी ती मला म्हणाली, "यू चोज अ टॉय ट्रेन, आई." मी तिला समजावलं नाही, तुझ्या शिक्षणासाठी थांबले असंही म्हटलं नाही, जरी ते सगळेच म्हणतात आणि थोडंफार खरंही असतं. मी म्हटलं, हो. तिनं दोन महिने फोन घेतला नाही. नवऱ्यानं मात्र हळूहळू विचारायचं सोडलं, आणि एका सुट्टीत मी घरी गेले तेव्हा बघितलं की फाटकाच्या घराचा एक फोटो त्यानं फ्रेम करून माझ्या टेबलावर ठेवला आहे. मी तो पुसून पुन्हा तिथेच ठेवला. आम्ही असेच आहोत. आता मी पुण्यातच असते, आणि आम्ही दोघं सकाळी एकत्र चहा घेतो.

मुलगी आता लंडनला आहे. गेल्या वर्षी तिनं स्वतःहून त्या गावच्या हॉलला मेल केली. तिथून उत्तर आलं की मॉडेल काचेच्या पेटीत आहे, शाळेची मुलं बघायला येतात, आणि करणाऱ्या बाईंना बघायला आम्हाला आवडेल. खाली आणखी एक ओळ होती. फाटकाचं घर अजून उभं आहे, कुणीतरी सुट्टीसाठी विकत घेतलं आहे, मालक भले आहेत, आतबाहेर सगळं दाखवतील. मुलीनं आम्हा दोघांची तिकिटं काढायची ठरवली, नवऱ्यानं गरम कपड्यांची चौकशी सुरू केली.

मी नाही म्हटलं. सर, त्या घराचं दार मी चार पावलांवरून काढलं, ते खरं निघालं. पण पायरी एकच असेल, वर दगडाची पट्टीच असेल, दार बाहेरच्या बाजूलाच उघडत असेल, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. साहेबांना आठवत नव्हतं आणि मी त्यांना विचारायचं थांबवलं होतं. तुम्ही असतात तर टेप घेऊन पहिल्या विमानानं गेला असतात. मी घरच्यांना सांगितलं की इतका प्रवास माझ्या गुडघ्यांना झेपणार नाही. त्यांनी विश्वास ठेवला. गुडघे ठणठणीत आहेत.